प्रत्यक्ष ऐकलेले शब्द

१४ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून ही वही सुरू करीत आहे.

आमची नात संस्कृती आज एकवीस महिन्यांची झाली. घरात तिला कृती म्हणतात. ती चालते, पळते, जिना चढते. बोलत नाही. चार शब्द, फार तर पाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन वर्षं पूर्ण होताना पन्नासेक शब्द असावेत आणि दोन शब्द एकमेकांना जोडता यावेत. तीन महिने वाट पाहू. तोवर जो दिवसभर मुलीजवळ असतो त्याने तिचे शब्द लिहून ठेवावेत. प्रगती दिसली नाही तर वाचा-उपचार. रोजचे, निदान सहा महिने, आणि ते पुण्याला.

सून सत्यशीला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. नोकरी लागून आठ महिने झाले. अजून परिवीक्षेचा काळ संपलेला नाही. सहा महिने पुण्याला राहायचं म्हणजे ही नोकरी गेली. परतताना रिक्षात ती कृतीचा एक मोजा काढत होती, घालत होती.

मुलगा रविराज दूध संकलन केंद्रावर असतो, पहाटे जातो. दिवसभर मुलीजवळ मी आणि माझी पत्नी विमल. विमल लिहिणार नाही. तेव्हा मी.

१५ नोव्हेंबर

नोंदीचा नियम ठरवला. छत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यात तीन जनगणना केल्या. पहिल्या वेळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एका घरात एक माणूस जास्त लिहिला. तो दोन वर्षांपूर्वी वारलेला निघाला. तहसीलदारांसमोर उभं राहावं लागलं. त्यानंतर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक माणूस लिहिला नाही.

इथेही तेच. स्वतःच्या कानांनी ऐकलेला शब्द धरायचा. ऐकीव धरायचा नाही.

आजचे शब्द: आई, बाबा, आबा, मम. एकूण चार.

१८ नोव्हेंबर

सकाळी ओट्यावर पेपर वाचत होतो. कृती शेजारी. विमलने खांद्याला हात लावला.

"आत्ता चिमणी म्हणली ती. तुमच्या म्होरं."

"मी ऐकलं नाही."

"तेच तर सांगायले न्हवं."

धरला नाही. आजीला नातीची ढेकरसुद्धा शब्द वाटते. शिवाय विमलचा आवाज अलीकडे फार बारीक झाला आहे. वयाने होतं तसं. अर्धं वाक्य तोंडातच राहतं. तिला तसं म्हणालो तर तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

२३ नोव्हेंबर

शाळेची जुनी चित्रकार्डं माळ्यावरून काढली. ससा, छत्री, शहामृग, फणस. कृतीने चारही नीट पाहिली. मग ससा खाली ठेवून त्यावर बसली.

एक गोष्ट लक्षात आली. कार्ड दाखवलं की तिचे ओठ हलतात. आवाज निघत नाही. ससा दाखवला, दात दिसले. फणस दाखवला, ओठ मिटून उघडले. आवाज नाही. ही बाब गंभीर असू शकते. डॉक्टरबाईंना सांगणे.

३० नोव्हेंबर

मुलगी बुद्धीने कमी नाही, उलट तल्लख आहे. शब्दांवाचून काम भागवते. पाणी हवं असलं की माझ्या गुडघ्यावर दोन थापा. बाहेर जायचं असलं की माझी टोपी आणून देते. मी दुसरीकडे पाहत असलो तर हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवते आणि मग बोट दाखवते. अशा सात खुणा मोजल्या.

विमलला विचारलं, तुझ्याशी हे करते का.

"माझ्यासंगं कावून करंल? मला तोंडानं सांगती."

पुन्हा तेच. नोंद केली नाही.

६ डिसेंबर

रविराजने नवा टीव्ही आणला आहे. चित्र चांगलं, आवाज निकृष्ट. चाळीसवर ठेवावा लागतो आणि तरीही बातम्या देणारी माणसं पुटपुटल्यासारखी बोलतात. शब्दांची टोकं खातात. माझ्या वर्गात असती तर उभी केली असती.

रविराज संध्याकाळी आला आणि आवाज पंधरावर आणला. तो गेल्यावर मी परत चाळीस केला. कृतीने दोन्ही कानांवर हात ठेवले. आवाजाची भीती असावी. नोंद.

शब्द: वाढ एक. बाऊ. एकूण पाच.

१३ डिसेंबर

दाराच्या चौकटीवर कृतीची उंची घेतली. ब्याऐंशी सेंटिमीटर. महिन्याभरात एक वाढली. ती आता हात न टेकता उकिडव्याची उभी राहते. मला भिंत लागते.

विमल म्हणाली, आता तुमचीबी घ्या. घेतली. सेवापुस्तकात एकशे अडुसष्ट आहे. आज एकशे पासष्ट भरली. टेपवर संशय आला. परंतु टेप सत्यशीलाची आहे, म्हणजे सरकारी.

"आबा, माणूस थोडा आटतो," सत्यशीला म्हणाली. हे तिने जेवताना, समोर बसून म्हटलं म्हणून कळलं. ती माझ्याशी नेहमी समोर येऊन बोलते. चांगलं वळण आहे.

२० डिसेंबर

बंकट आला होता. माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकला, पुढे सायकलचं दुकान टाकलं. आमच्या आष्टीत स्पष्ट बोलणारा हा एकटा माणूस उरला आहे. तो बोलतो ते शब्दन्‌शब्द कळतं. समोरच्या घरातली माणसं मात्र तो आला की खिडकी लावून घेतात.

वही वाचून म्हणाला, "महिन्यात येक शब्द? आन् बाऊ?"

"काय करणार. परिस्थिती आहे तशी लिहायची."

"गुर्जी, कान तपासून घे बे एकदा."

"डॉक्टरबाई म्हणाल्या तर तिचे तपासू."

"तिचे न्हाई बे," बंकट म्हणाला, आणि खोकला येईपर्यंत हसला. त्याला प्रत्येक गोष्टीत विनोद करायची सवय आहे. चहा घेऊन गेला.

४ जानेवारी

एकूण सहा. नवा शब्द भों, म्हणजे मोटार.

सत्यशीलाने आज स्वतःची वही माझ्यापुढे ठेवली. संध्याकाळी घरी आल्यावर ती मुलीचे शब्द लिहीत असते, हे मला माहीत नव्हतं. एकतीस शब्द. चिऊ, शेपू, खिसा, चप्पल, फुस्स, स्वेटरसाठी सेता. मी सगळे वाचले. यातला एकही मी ऐकलेला नाही.

"मुली, हे आईचं मन आहे," मी म्हणालो.

ती समोर बसली. सावकाश बोलली.

"आबा, मी जमीन मोजते. नसलेली जमीन नकाशात दाखवत नाही."

"मीही नसलेली माणसं लिहिली नाहीत."

"माहीत आहे. पण दिवसभर तुम्ही तिच्याजवळ असता. डॉक्टर तुमचीच वही धरणार. मग मला राजीनामा द्यावा लागणार."

तिने वही मिटली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

६ जानेवारी

दोन दिवस या गोष्टीचा विचार करतो आहे. आकडा वाढवून लिहिला तर सत्यशीलाची नोकरी राहील आणि मुलीचा उपचार चुकेल. खरा लिहिला तर उपचार होईल आणि नोकरी जाईल. ही नोकरी तिने तीन वेळा परीक्षा देऊन मिळवली आहे. पहिल्या दिवशी मोजणीचं साहित्य घेऊन ती निघाली तेव्हा गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या.

आणखी एक. मायलेकी पुण्याला गेल्या तर सहा महिने माझ्या गुडघ्यावर कोणी थापा मारणार नाही. याचा निर्णयाशी संबंध नाही. लिहायचं नव्हतं.

१६ जानेवारी

कृतीचं बोरन्हाण केलं. काळी साडी कापून तिचं झबलं शिवलं होतं, हलव्याचे दागिने विमलने घरी गाठवले. गल्लीतली पंधरा पोरं. तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे ओतले आणि पोरं तुटून पडली. सगळ्यांची तोंडं उघडी आणि एकच गोंगाट. त्यात कोणाचा कोणता शब्द ते लागत नाही. माझ्या शाळेत बालसभा अशी कधी झाली नाही.

गर्दीतून कृती माझ्याकडे आली. एक बोर माझ्या तोंडात घातलं आणि काहीतरी म्हणाली. म्हणजे ओठ हलले. मी कान तिच्या तोंडाशी नेला. बोराचा वास आला. ऊब लागली. शब्द आला नाही.

विमल पलीकडून पाहत होती. ती हसत नव्हती.

२२ जानेवारी

सत्यशीला रजा काढून मुदतीच्या आधीच डॉक्टरबाईंकडे गेली. मला बरोबर घेतलं आणि दोन्ही वह्याही. माझ्या वहीत सहा, तिच्या वहीत अडतीस.

डॉक्टरबाईंनी दोन्ही वह्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. त्या तोंडाला मास्क लावून बोलतात, त्यामुळे उच्चार कळत नाहीत. काहीतरी विचारलं. मी "हो" म्हणालो. त्यांनी मास्क काढला आणि पुन्हा विचारलं, "आजोबा, तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावरचं तुम्हाला ऐकू यायचं का?"

"पेन्सिल पडली तरी," मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. मुलीच्या कानांची तपासणी, नगरला. खाली एक ओळ, तिच्याखाली रेघ: तपासणीच्या वेळी मुलगी आजोबांच्या मांडीवर असावी.

समाधान वाटलं. इतक्या दिवसांत माझ्या नोंदींना कोणीतरी वजन दिलं.

२७ जानेवारी

नगरला गेलो. सकाळची एस.टी. कृती खिडकीशी.

तपासणी करणारा केदारनाथ नावाचा तरुण आहे. छोटी खोली, भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी, मधे खुर्ची. दोन्ही बाजूंना आवाजाचे खोके आणि त्यांच्यावर काचेत एकेक खेळण्यातलं माकड. केदारनाथ काचेपलीकडे. आवाज येईल, मुलगी त्या बाजूला पाहील, मग माकड ढोलकी वाजवील, असं त्याने समजावलं. मी तिला मांडीवर घेऊन बसलो. सत्यशीला बाहेर, त्याच्या शेजारी.

वीस मिनिटं बसलो. त्यात दोनदा आवाज आला, पिठाच्या गिरणीसारखा घुमणारा. एरवी काही नाही. कृती मात्र स्वस्थ बसेना. उगाच डावीकडे पाही, उगाच उजवीकडे पाही. ती वळली की माकडाचा दिवा लागे आणि ती हसे. मी दोनदा तिला सरळ बसवलं. दोनदाही ती परत वळली.

बाहेर आल्यावर केदारनाथला म्हणालो, "एकदा मशीन बघून घ्या. बहुतेक वेळ बंदच होतं."

त्याने सत्यशीलाकडे पाहिलं. तिने ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. जवळ जाऊन पाहिलं तर रडणं आणि हसणं दोन्ही चाललं होतं.

"आजोबा, मुलीचे कान उत्तम आहेत," केदारनाथ म्हणाला. "बारीकातला बारीक आवाज तिने पकडला. आता मशीनचं म्हणता ना, तर तुम्ही बसा. तुमच्यावर तपासू."

बसलो. कानांवर डबे चढवले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी थोड्या वेळा दाबलं.

नंतर त्याने कागद दाखवला. एक रेघ, डावीकडे ठीक चालते, मधून उतरू लागते आणि उजवीकडे घाट उतरल्यासारखी खाली जाते. त्याने बोट ठेवलं. "स, श, च, फ, ख हे सगळे इथं उजवीकडे राहतात. बायकांचे आणि लेकरांचे आवाजही बरेचसे इथंच. तुम्ही पुष्कळ वर्षं तिकडं गेलाच नाहीत, आजोबा."

परत येताना एस.टी.त सत्यशीला काहीतरी म्हणाली. एरवी मी "हो" म्हटलं असतं. आज तिच्याकडे तोंड वळवलं आणि म्हणालो, ऐकू आलं नाही.

तिने पुन्हा सांगितलं. ती म्हणत होती, आबा, भूक लागली का.

२८ जानेवारी

विमलला विचारलं, किती वर्षं.

"आठ तर झालीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुमाला ऐकू आलं न्हाई."

दिवसभर जुन्या नोंदी मनात तपासत होतो. टीव्ही चांगला आहे. बातम्या देणारे चांगले आहेत. बंकट स्पष्ट बोलत नाही, ओरडतो. कृतीचे ओठ हलत होते तेव्हा ती बोलत होती.

निवृत्तीच्या वर्षी चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. कविता म्हणताना आवाज काढत नाही म्हणून मी तिला रोज उभं करायचो. मोठ्याने, आणखी मोठ्याने. ती म्हणत असणार. तेव्हाच सुरुवात झाली असावी. तिचं नाव आठवतं. वर्षाराणी. आता कुठे असते ते शोधलं पाहिजे.

३ फेब्रुवारी

कानांची मशीनं बसवली. नखाएवढी आहेत.

पेपरचं पान उलटलं आणि दचकलो. एवढा आवाज करत असतो पेपर. चप्पल आवाज करते. माझा सदरा आवाज करतो. विमल स्वयंपाकघरात भाकरी थापते ते ओट्यावर ऐकू येतं. तिचा आवाज बारीक झालेला नाही. चांगला मोठा आहे.

बंकट आला. मी म्हणालो, "हळू बोल."

तो उभाच राहिला. "आठ वरसं वरडून माझा गळा बसला बे. आता म्हणतो हळू बोल." मग खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बायकोचं समदं ऐकू यायलंय?"

"येतं आहे."

"मंग कावून बसवली?"

आतून विमल म्हणाली, "भावजी, ऐकू आलं बरं." बंकट उठून चपला शोधू लागला.

५ फेब्रुवारी

आज ओट्यावर बसून स्वयंपाकघरातलं ऐकलं. कृती आजीजवळ होती. चमचा, शेंगा, सांडलं, तिखट, नको, छान, पुसू. तासाभरात सत्तावीस शब्द लिहिले. मग पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं ऐकलं. ती थांबतच नव्हती. आजी मधे "व्हय का", "मंग" म्हणत होती. एवढं संभाषण माझ्या घरात रोज होत होतं.

थोड्या वेळाने कृती बाहेर आली. मला वाटलं, आता माझ्याशी बोलेल. तिने हनुवटी धरली, माझं तोंड वळवलं, गुडघ्यावर दोन थापा मारल्या. पाणी.

मी म्हणालो, "पाणी म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोन थापा मारल्या, जरा जोरात. मी समजत नाही असं तिला वाटलं असावं.

७ फेब्रुवारी

तीन दिवस झाले. आजीशी बोलते, आईशी बोलते, कुत्र्याशी बोलते. माझ्यापाशी आली की तोंड मिटतं आणि हात सुरू होतात. कार्डं काढली नाहीत. खाऊ दाखवून पाहिला. खाऊ घेतला.

केदारनाथला फोन केला. आता फोनही ऐकू येतो. तो म्हणाला, "आजोबा, तिनं स्वतःच शोधून काढलंय की या माणसाला तोंडाचं कळत नाही. दोन वर्षांच्या लेकरानं एवढं ओळखलं. आता हा माणूस बदललाय, हे तिला कळायला वेळ लागणार."

"मी काय करू?"

"परीक्षा घेऊ नका. जवळ असा. ती दुसऱ्याशी काही बोलली तर तुम्ही उत्तर द्या."

परीक्षा न घेता जवळ असणं. छत्तीस वर्षांत हे केलेलं नाही.

११ फेब्रुवारी

सांगितल्याप्रमाणे चाललं आहे. सकाळी कृती आजीला म्हणाली, "आज्जी, शेंग दे." जोडलेले दोन शब्द, खरं तर तीन. मी ओट्यावरून म्हणालो, "मलाही दे." ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, मग मागे आजीकडे पाहिलं, हे आजीच बोलली की काय अशा नजरेने. शेंग माझ्या हातात ठेवली. काही बोलली नाही.

१४ फेब्रुवारी

कृती दोन वर्षांची झाली. डॉक्टरबाईंकडे गेलो. माझी वही: त्र्याऐंशी शब्द, जोडलेले नऊ. डॉक्टरबाईंनी सहाचं पान आणि त्र्याऐंशीचं पान शेजारी धरून पाहिलं.

"तेवीस दिवसांत एवढी प्रगती मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. आज मास्क नव्हता. "आणि मी मुलीबद्दल बोलत नाही."

त्यांनी जाणूनबुजून मला मांडीवरचं काम दिलं होतं, हे मला आत्ता कळलं. विचारलं. त्या म्हणाल्या, "सरळ सांगितलं असतं तर आला असता?"

पुण्याला जायचं नाही. उपचार नको. सत्यशीला दवाखान्याच्या पायरीवरूनच कामावर गेली. कडा गावाजवळ एका बांधाची मोजणी होती, दोन भावांमधली. जाताना पाठमोरी म्हणाली, "आबा, कृतीला टोपी घाला." समोर आली नाही. मी टोपी घातली.

१९ फेब्रुवारी

चार-पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. कृती अजून माझ्याशी हातानेच बोलते. मी सवय करून घेतली होती. सत्यशीलाची नोकरी राहिली, मुलगी घरी राहिली, यापेक्षा अधिक मागणं बरं नव्हे.

आज दुपारी अंगणात कपडे वाळत घालत होतो. आता हे काम माझ्याकडे आहे. कृती मागे तुळशीपाशी बसलेली. माझी तिच्याकडे पाठ होती. दोन्ही हातांत ओलं धोतर.

मागून आवाज आला. मोठा नव्हता. आपल्याशीच बोलावं इतका.

"आबा, मुंगी."

ती उठली नाही. हनुवटी धरायला आली नाही. मी वळलोही नाही. धोतर तसंच धरून म्हणालो, "हो का? कुठं चालली मुंगी?"

मग तिने सांगायला सुरुवात केली. मुंगीचं घर, साखर, आजी, पाय, भों, पुन्हा मुंगी. धोतरातलं पाणी माझ्या पायांवर गळत होतं. ती बराच वेळ सांगत होती. निम्मं कळलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं.